रुंद नजरेची किंमत

बर्लिनच्या गोएर्त्स कारखान्याने १९०० साली ‘हायपरगॉन’ नावाचं एक भिंग बाजारात आणलं. एमिल फॉन हॉएग यांनी ते आखलं होतं. काचेच्या दोन पातळ, जवळजवळ अर्धगोल वाट्या समोरासमोर ठेवलेल्या; हातात घेतलं तर मोठ्या गोटीसारखं दिसणारं. पण त्याची नजर सुमारे १३५ अंशांची होती. खोलीच्या एका कोपऱ्यात कॅमेरा ठेवला, तर दोन्ही बाजूंच्या भिंती पूर्ण दिसून वर जागा उरावी इतकी.

त्या नजरेची किंमतही तशीच होती. तिरप्या कोनातून येणारा प्रकाश छायाचित्राच्या काचेवर झपाट्याने क्षीण होतो. इतक्या रुंद भिंगात टोकाच्या कोपऱ्यांना मध्यभागाच्या चाळीसाव्या हिश्श्याहूनही कमी प्रकाश मिळे. त्यावर गोएर्त्सने जो उपाय काढला, तो आजही थक्क करतो. भिंगासमोर चांदणीच्या आकाराची एक चिमुकली फिरकी बसवली. छायाचित्रकार रबरी फुगा दाबायचा, हवेच्या झोताने फिरकी गरगर फिरायची आणि मध्यभागाचा प्रकाश अडवून कडांना जास्त वेळ मिळू द्यायची. कडा पुरेशा उजळल्या की फिरकी बाजूला पाडायची आणि उरलेला थोडासा वेळ मधल्या भागाला द्यायचा. छिद्र एफ २२ इतकं बारीक असल्याने कॅमेरा तिपाईवर आणि समोरचं दृश्य स्थिर, ही अट होतीच. इमारती, पूल आणि खोल्यांची छायाचित्रं काढणाऱ्यांनी ती आनंदाने मान्य केली, कारण दुसरा मार्ग नव्हता.

२०२२ मध्ये कॅनन कंपनीने आपल्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी १५-३० मिमीची एक झूम लेन्स आणली. वजन ३९० ग्रॅम, अमेरिकेतली तेव्हाची किंमत ५४९ डॉलर. हातात धरून, चालता चालता, संधिप्रकाशातही तिने फोटो निघतो. हायपरगॉनपासून या लेन्सपर्यंत सव्वाशे वर्षांचं अंतर आहे. त्या काळात लेन्समध्ये खर्च नेमका कशावर होत होता आणि तो कसा कमी होत गेला, हे समजलं की फुल-फ्रेम कॅमेऱ्यासाठी परवडणारी वाइड-अँगल झूम निवडताना कुठे पैसे घालायचे आणि कुठे वाचवायचे, हेही उमगतं.

आधी फुल-फ्रेम म्हणजे काय, ते पाहायला हवं. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी फिरवून २४ गुणिले ३६ मिमीची चौकट ठरवली. त्यांचा नमुना पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तयार झाला आणि लायका कॅमेरा १९२५ च्या लाइपझिग जत्रेत लोकांसमोर आला. आजच्या फुल-फ्रेम सेन्सरचं माप तेच आहे. या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिमी. ५० मिमी फोकल लेन्थची लेन्स तिच्यावर ४६-४७ अंशांचं दृश्य टिपते, २८ मिमीची ७५ अंशांचं, २० मिमीची ९४ आणि १६ मिमीची १०७ अंशांचं. आकड्यांत चार मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो. पण ५० वरून ४६ वर आल्याने जे बदलत नाही, ते २० वरून १६ वर आल्याने डोळ्यांत भरेल इतकं बदलतं. वाइड लेन्स घेताना एकेका मिलिमीटरचा हिशोब होतो, तो म्हणूनच.

छोट्या लायकासाठी रुंद भिंग बनवणं तुलनेने सोपं होतं. १९३० मध्ये ३५ मिमीचं एल्मार आलं, १९३५ मध्ये २८ मिमीचं हेक्टर. या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये शटरशिवाय काही नव्हतं, त्यामुळे भिंग फिल्मच्या हवं तितकं जवळ नेता येई. लुडविग बेर्टेले यांनी झाइससाठी आखलेलं १९५४ चं २१ मिमी बायोगॉन तर मागच्या बाजूने कॅमेऱ्याच्या पार पोटात शिरायचं. त्यातून निघणाऱ्या फोटोतल्या सरळ रेषा पट्टीने आखल्यासारख्या असत.

मग मध्ये आरसा आला.

ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीचा किने एक्झाक्टा १९३६ मध्ये बाजारात आला आणि ३५ मिमीच्या एसएलआर कॅमेऱ्यांचा जमाना सुरू झाला. या रचनेत भिंगामागे तिरपा आरसा असतो. तो दृश्य वर व्ह्यूफाइंडरकडे पाठवतो आणि फोटो काढताना उडी मारून बाजूला होतो. जे भिंगातून दिसतं तेच फोटोत येतं, हा त्याचा फार मोठा फायदा. पण आरशाला हलायला जागा लागते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्स जिथे बसते तिथपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी ठेवावं लागलं, कॅननच्या ईएफमध्ये ४४ मिमी. साध्या रचनेचं २० मिमीचं भिंग फिल्मपासून वीसेक मिलिमीटरवर असायला हवं. म्हणजे ते थेट आरशाच्या वाटेत. १९५९ मध्ये निकॉन एफ आला, तेव्हा त्याच्यासाठीच्या २१ मिमी लेन्सवर हीच वेळ आली. ती लावायची तर आरसा वर उचलून अडकवून ठेवायचा आणि कॅमेऱ्यावर वेगळा छोटा व्ह्यूफाइंडर बसवून अंदाजाने चौकट ठरवायची. एसएलआर घेण्याचं कारणच तिथे संपायचं.

या अडचणीचं उत्तर सिनेमाने आधीच शोधून ठेवलं होतं. टेक्निकलरच्या रंगीत चित्रीकरणाच्या कॅमेऱ्यात भिंगामागे प्रकाश विभागणारा लोलक असे. त्याला जागा देण्यासाठी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या टेलर-हॉब्सनचे एच. डब्ल्यू. ली यांनी उलट्या टेलिफोटोची रचना वापरली: पुढे किरण फाकवणाऱ्या मोठ्या काचा, मागे ते गोळा करणाऱ्या काचा. त्यामुळे भिंग आपल्या फोकल लेन्थपेक्षा बरंच लांब राहून प्रतिमा उमटवू शकतं. १९५० मध्ये फ्रान्सच्या सेंट-एआं गावच्या पिएर आंजेन्यू यांनी हेच तत्त्व ३५ मिमी एफ २.५ च्या लेन्समध्ये स्थिर छायाचित्रणासाठी आणलं आणि तिला नाव दिलं ‘रेट्रोफोकस’. कंपनीचं ते नाव पुढे या सगळ्या जातीच्या भिंगांचंच नाव झालं.

मात्र रेट्रोफोकसची किंमत काचेत मोजावी लागते. पुढची काच मोठी, एकूण काचा जास्त, वजन जास्त, शिवाय पुढचा आणि मागचा भाग एकसारखा नसल्याने सरळ रेषा कडेला वाकतात. ते वाकणं दुरुस्त करायला आणखी काचा. पुढची साठ वर्षं वाइड लेन्स महाग आणि जड राहण्याचं मुख्य कारण हा आरसा होता.

या भिंगांनी छायाचित्रकारांना काय दिलं, हेही पाहायला हवं. ‘सगळं मावतं’ हा वाइडचा फक्त अर्धा उपयोग. १९४१ च्या ‘सिटिझन केन’मध्ये छायालेखक ग्रेग टोलंड यांनी रुंद भिंगांनी जवळचा चेहरा आणि दूरचा दरवाजा दोन्ही एकाच वेळी स्पष्ट ठेवले, खोल्यांची छतं दाखवली. त्यानंतर काही वर्षांतच लंडनमध्ये बिल ब्रँट यांना जुन्या सामानाच्या दुकानात कोडॅकचा एक लाकडी कॅमेरा मिळाला. पोलिस गुन्ह्याच्या जागेची नोंद करायला तसे कॅमेरे वापरत. बारीक छिद्राचं, अतिशय रुंद भिंग त्याला होतं. ब्रँटनी त्यातून मानवी देहाची जी छायाचित्रं काढली, ती १९६१ मध्ये ग्रंथरूपाने आली आणि छायाचित्रणाच्या इतिहासात पक्की बसली. जवळचा हात डोंगराएवढा, मागची भिंत दूर क्षितिजावर. वाइड लेन्स अंतरांचं नातं बदलते. ती घेतल्यावर विषयापासून मागे सरकायचं नसतं, उलट एक पाऊल पुढे जायचं असतं. हे ज्याला करायचं नाही, त्याने सोळा मिलिमीटरवर पैसे घालू नयेत.

झूमची कथा वेगळ्या वाटेने आली. क्लाइल ॲलन यांनी अमेरिकेत बदलत्या फोकल लेन्थच्या भिंगाचं पेटंट १९०२ मध्येच घेतलं होतं. १९३२ मध्ये सिनेमासाठी ४०-१२० मिमीची कुक व्हॅरो आली. व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेल्या फ्रँक बॅक यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ‘झूमर’ भिंग सिनेमा आणि दूरचित्रवाणीत रुजवलं. त्यांच्याच रचनेवरून १९५९ मध्ये फोक्टलेंडरने ३५ मिमी स्थिर कॅमेऱ्यासाठी ३६-८२ मिमी एफ २.८ ची झूमर आणली. चौदा काचा, वजन पाऊण किलोच्या आसपास, पुढचं तोंड ९५ मिमीच्या फिल्टरचं. आणि इतका खटाटोप करूनही तिची नजर ३६ मिमीपाशी थांबत होती.

त्यापेक्षा रुंद झूम बनेना, याची कारणं दोन. पहिलं गणिताचं. एका फोकल लेन्थच्या भिंगात एका जागी दोष काढले की काम झालं. झूममध्ये काचांचे गट सरकतात आणि प्रत्येक जागी नवे दोष उगवतात. एकेक किरण कागदावर लॉगरिदमच्या कोष्टकांनी मोजायचा म्हणजे महिनोन्‌महिने. लाइट्झ कंपनीने १९५३ मध्ये कोनराड त्सुझे यांचा झेड-५ संगणक वेट्झलारला आणला, तो हीच आकडेमोड करण्यासाठी. दुसरं कारण प्रकाशाचं. लेप न दिलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो. अशा वीस पृष्ठभागांतून जाताना निम्म्याहून जास्त प्रकाश वाया जातो, आणि परतलेला प्रकाश भिंगातच भटकून चित्र फिकं करतो. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप देण्याची रीत शोधली. १९७० च्या दशकात पेंटॅक्स आणि इतरांनी अनेक पदरी लेप सर्रास वापरायला सुरुवात केली. मगच पंधरा काचांची झूम व्यवहारात आली.

जपानी कारखान्यांनी पुढचं काम एकेक पायरी उतरत केलं. निकॉनची ४३-८६ मिमी झूम १९६३ ची. ती परवडणारी होती, म्हणून खूप खपली, आणि कडेच्या वाकलेल्या रेषांसाठी बदनामही झाली. १९७३ मध्ये कॅननने ३५-७० मिमी आणली. तिच्यात किरण फाकवणारा आणि गोळा करणारा असे दोनच गट एकमेकांजवळ येत-जात होते. आंजेन्यूच्या रेट्रोफोकसचंच हे सरकतं रूप, आणि रुंद झूमसाठी अगदी योग्य. १९७५ मध्ये निकॉनने २८-४५ मिमीपर्यंत मजल मारली. १९७८ मध्ये कॅननने २४-३५ मिमी एफ ३.५ मध्ये ॲस्फेरिकल काच घातली.

ही ॲस्फेरिकल काच थोडी जवळून पाहायला हवी, कारण आजच्या स्वस्त लेन्सचं रहस्य तिच्यात आहे. दोन काचा मध्ये बारीक पूड घालून एकमेकींवर घासत राहिलं, तर त्यांना आपोआप गोलाचा आकार येतो. म्हणून शेकडो वर्षं भिंगं गोलाच्याच तुकड्यांची होती. पण गोल आकार हा प्रकाश एका बिंदूत आणण्यासाठी नेमका योग्य नसतो. कडेचे किरण थोडे आधी जुळतात. कडेकडे वक्रता किंचित बदललेली काच ही चूक एकटी सुधारते, जिथे एरवी दोन-तीन काचा लागल्या असत्या. अडचण एवढीच की तसा आकार घासून येत नाही. एकेक काच हाताने मापत, घासत घडवावी लागे. पुढे काच तापवून मऊ करून अचूक साच्यात दाबण्याची रीत आली. साच्यातून निघालेली शंभरावी काच पहिलीसारखीच असते. साध्या काचेवर साच्यातून राळेचा पातळ थर चढवण्याची आणखी स्वस्त रीतही आली. आज मध्यम किमतीच्या वाइड झूममध्येही दोन-तीन ॲस्फेरिकल काचा सहज असतात. १९७८ मध्ये एक असणं ही जाहिरातीत ठळक छापायची गोष्ट होती.

किंमत खाली आणण्यात दुसरा मोठा वाटा कॅमेरे न बनवणाऱ्या, नुसत्या लेन्स बनवणाऱ्या कंपन्यांचा. मिचिहिरो यामाकी यांनी १९६१ मध्ये सिग्मा सुरू केली. पुढे फुकुशिमा प्रांतातल्या आइझू भागात कारखाना उभारला, आणि आजही तिच्या लेन्स तिथेच बनतात. १९७९ मध्ये सिग्माने २१-३५ मिमीची झूम आणली. एसएलआरसाठी इतकी रुंद झूम त्याआधी कुणी दिली नव्हती, आणि ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना बसेल अशी मिळत होती. टॅमरॉनचा जन्म १९५० चा, नाव तिथले प्रकाशतज्ज्ञ तामुरा यांच्यावरून. या कंपनीने लेन्स एकच ठेवून माउंटचं कडं बदलण्याची ‘ॲडॅप्टॉल’ पद्धत रुळवली: कॅमेरा बदलला तर फक्त कडं बदला, लेन्स तीच. टोकिनाही त्याच काळातली. ज्याला कॅमेऱ्याच्याच कंपनीची लेन्स परवडत नव्हती, त्याला या तीन नावांनी दार उघडून दिलं. २००३ मध्ये फुल-फ्रेमवर १२ मिमीपर्यंत, म्हणजे १२२ अंशांपर्यंत जाणारी पहिली झूम आली, तीही सिग्माचीच.

याच काळात व्यावसायिकांसाठी एफ २.८ ची घराणी उभी राहिली. कॅननची २०-३५ मिमी १९८९ मध्ये, १७-३५ मिमी १९९६ मध्ये, १६-३५ मिमी २००१ मध्ये; निकॉनची २०-३५ मिमी १९९३ मध्ये आणि १७-३५ मिमी १९९९ मध्ये. एफ २.८ चा आग्रह का होता? बातमीदार छायाचित्रकार ज्या फिल्मवर काम करत, ती कमी उजेडात फार ताणता येत नसे. सभागृहात, पावसाळी संध्याकाळी, मोर्च्याच्या धावपळीत एक स्टॉप जास्त (म्हणजे दुप्पट) प्रकाश म्हणजे फोटो निघणं आणि न निघणं यातला फरक. शिवाय आरशाच्या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरचा उजळपणा आणि ऑटोफोकसची अचूकता लेन्सच्या छिद्रावर अवलंबून असे. त्यामुळे एफ २.८ हे दर्जाचं चिन्ह ठरलं, आणि आजही अनेक जण ते चिन्ह पाहूनच पैसे मोजतात. त्यामागची दोन्ही कारणं मात्र आता बरीच विरली आहेत.

डिजिटल युगाच्या आरंभी वाइड लेन्सवाल्यांना मोठा धक्का बसला. १९९९ च्या निकॉन डी-१ चा सेन्सर फिल्मच्या चौकटीहून लहान होता. त्यावर १७ मिमीची लेन्स जेमतेम २५-२६ मिमीसारखी वागायची. ज्या रुंदपणासाठी मोठी रक्कम मोजली, तो एका रात्रीत नाहीसा झाला. फिल्मच्या मापाचा सेन्सर बनवणं फार खर्चिक होतं. २००२ च्या कॅनन ईओएस-१डीएसची किंमत सुमारे आठ हजार डॉलर होती. २००५ मध्ये कॅनन ५डी ३,२९९ डॉलरना आला आणि हौशी माणसालाही पुन्हा फुल-फ्रेमचं स्वप्न पाहता आलं. त्या कॅमेऱ्यासोबत सर्वांत जास्त दिसलेल्या लेन्समध्ये १७-४० मिमी एफ ४ होती. २००३ मध्ये आलेली, ४७५ ग्रॅमची, कंपनीच्या वरच्या श्रेणीतली आणि तरीही एफ २.८ वाल्या भावंडापेक्षा बरीच स्वस्त. एक स्टॉप प्रकाश सोडून द्यायचा आणि बाकी बांधणी तशीच घ्यायची, हा सौदा हजारो छायाचित्रकारांनी पसंत केला. निकॉनच्या बाजूला तेच काम २०१३ च्या १८-३५ मिमी एफ ३.५-४.५ ने केलं. वजन फक्त ३८५ ग्रॅम.

सेन्सरने एक गोष्ट उघडी पाडली: कोपरे. फिल्मवर तिरपा पडलेला प्रकाशही बऱ्यापैकी उमटे. सेन्सरच्या बारीक खळग्यांत तो नीट शिरत नाही, आणि पडद्यावर शंभर टक्के मोठं करून पाहण्याची सोय आल्याने मऊ पडलेले कोपरे लपेनासे झाले. निकॉनची २००७ ची १४-२४ मिमी एफ २.८ ही त्यावरची सणसणीत चढाई होती. तिच्या कोपऱ्यांची कीर्ती अशी की कॅनन वापरणारेही अडॅप्टर लावून ती वापरू लागले. पण वजन एक किलो, पुढची काच फुग्यासारखी बाहेर आलेली, आणि त्यामुळे साधा आट्यांचा फिल्टर लावायची सोय नाही. २०१४ मध्ये कॅननने १६-३५ मिमी एफ ४ आणली, तीही हात हलला तरी प्रतिमा सावरणाऱ्या यंत्रणेसह. एफ ४ म्हणजे दुय्यम, हा समज त्या लेन्सने मोडला.

सर्वांत मोठा बदल आरसा गेल्यावर झाला. २०१३ मध्ये सोनीने ए७ मालिका आणली, २०१८ मध्ये निकॉन झेड आणि कॅनन आर आले. सोनीच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर १८ मिमी, निकॉन झेडचं १६, कॅनन आरएफचं २०. एसएलआरच्या ४४-४६ मिमीशी हे ताडून पाहिलं की सगळं स्पष्ट होतं. आंजेन्यूने ज्या आरशासाठी पुढे ती मोठी काच लावली होती, तो आरसाच आता नाही. रचनाकार मागच्या काचा पुन्हा सेन्सरच्या जवळ नेऊ शकतात, आणि पुढची काच लहान होते. निकॉनची १४-३० मिमी एफ ४ २०१९ मध्ये आली: ४८५ ग्रॅम, आणि १४ मिमीपासून सुरू होऊनही पुढे साधा ८२ मिमीचा फिल्टर लागतो. त्याच वर्षी टॅमरॉनने सोनीसाठी १७-२८ मिमी एफ २.८ आणली: ४२० ग्रॅम, ६७ मिमीचा फिल्टर, ८९९ डॉलर. २०२२ मध्ये सिग्माने १६-२८ मिमी एफ २.८ दिली, ४५० ग्रॅमची. सोनीची १६-३५ मिमी एफ ४ पॉवर झूम तर ३५३ ग्रॅमवर आली.

या यादीतलं टॅमरॉन आणि सिग्माचं डोकं नीट पाहण्यासारखं आहे. एफ २.८ ठेवायचं आणि किंमतही आवरायची, तर कुठेतरी कात्री लावायला हवी. त्यांनी ती लांब टोकाला लावली. ३५ ऐवजी २८ वर थांबायचं. कारण बहुतेकांच्या बॅगेत २४ किंवा २८ पासून सुरू होणारी दुसरी झूम असतेच. कॅननने १५-३० मध्ये दुसरीकडे कात्री लावली: छिद्र एफ ४.५-६.३ चं, आणि वाकलेल्या रेषा सरळ करण्याचं काम काचेऐवजी संगणकीय दुरुस्तीवर सोपवलेलं. कॅमेऱ्यातच किंवा नंतर सॉफ्टवेअरमध्ये प्रतिमा ताणून रेषा सरळ होतात. ताणलेल्या कोपऱ्यात थोडा तपशील पातळ होतो, पण पडद्यावर किंवा मध्यम आकाराच्या छापील फोटोत तो बहुतेकदा लक्षातही येत नाही. गोएर्त्सची फिरकी जे काम फोटो काढताना हवेच्या झोताने करत होती, ते आता फोटो काढून झाल्यावर आकडेमोडीने होतं.

महाराष्ट्रात या इतिहासाचा एक वेगळा धागा आहे. १९९१ पूर्वी आयातीवर कडक निर्बंध होते. चांगली लेन्स म्हणजे परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत आलेली, किंवा मुंबईच्या फोर्टातल्या बोरा बाजारात हातोहात फिरणारी. तो बाजार आजही कॅमेऱ्यांचा बाजार आहे. एसएलआर विकून मिररलेसकडे गेलेल्यांच्या १७-४०, १६-३५ एफ ४, १८-३५ अशा लेन्स सेकंडहँड बाजारात भरपूर येतात, आणि अडॅप्टर लावून त्या नव्या कॅमेऱ्यांवरही चालतात. कमी खर्चात फुल-फ्रेमवर वाइड झूम हवी, तर हा रस्ता खात्रीचा आहे. मात्र आपल्या हवेत एक धोका कायम असतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या चार पावसाळ्यांत बंद बॅगेत राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते. दुकानात लेन्सची दोन्ही टोपणं काढून छिद्र पूर्ण उघडायचं, मागून मोबाइलचा टॉर्च लावायचा आणि तिरपं धरून पाहायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत ठेवायची. धुळीचे दोन-चार कण असले तर हरकत नाही. ते फोटोत उतरत नाहीत.

निवडीचा निकाल शेवटी कामावर ठरतो. वेरूळच्या कैलास लेण्याच्या अंगणात, मंदिर आणि कातळाची उभी भिंत यांच्यामधल्या अरुंद जागेत उभं राहून शिखरापर्यंत सगळं घ्यायचं असेल, तर १४ ते १६ मिमीची गरज भासते आणि तिथे एफ ४ पुरेसं आहे. पंढरीच्या वारीत रिंगणाच्या गर्दीत शिरून माणसं टिपायची, तर २० ते ३५ मिमी जास्त कामाचं. १४ मिमीवर कडेची माणसं ताणली जातात आणि चेहरे बिघडतात. मे महिन्यातल्या रात्री हरिश्चंद्रगडावरून आकाशगंगा टिपायची असेल, तर मात्र एफ २.८ वर पैसे घालावेत, कारण तिथे दुप्पट प्रकाशाला दुसरा पर्याय नाही. पावसाळी धबधब्यांसमोर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावून पाणी रेशमासारखं करायचं, तर पुढची काच फुगलेली लेन्स टाळावी. चौकोनी फिल्टर आणि त्यांची चौकट हा वेगळा, मोठा खर्च आहे. घर, लग्नाचं सभागृह, किल्ले, प्रवास, अशा मिश्र कामासाठी १६-३५ किंवा १७-४० एफ ४, अथवा मिररलेसवर १४-३० किंवा १५-३० सारखी हलकी झूम हाच योग्य सौदा. फुल-फ्रेम सेन्सर आज ज्या आयएसओवर स्वच्छ प्रतिमा देतात, तिथे फिल्मच्या काळातला एफ २.८ चा आग्रह बहुतेकांना गरजेचा राहिलेला नाही.

खरेदीपूर्वी एवढं नक्की करा. आपल्या गेल्या वर्षभराच्या फोटोंची माहिती उघडून सर्वांत रुंद टोकाला किती फोटो काढले, ते मोजा. खूप निघाले तरच १६ च्या खाली जा. मग आपला कॅमेरा घेऊन दुकानात जा, विटांच्या किंवा फरशीच्या भिंतीसमोर सरळ उभे राहा, सर्वांत रुंद टोकाला पूर्ण उघड्या छिद्रावर एक फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. एक कोपरा बाकी तिघांपेक्षा मऊ असेल, तर काचा जागेवरून हललेल्या आहेत. तो नग नको म्हणा आणि दुसरा मागा.